भिंतीवरून आलेली चाल

सँट्री, डब्लिन
६ सप्टेंबर २०२०

वृंदे,

वर काय लिहायचं ह्यातच सकाळ गेली. हात सवयीनं चि. सौ. कडे वळला आणि मी पेन खाली ठेवलं. आता काय लिहितात ते मला माहीत आहे, माझ्या नावाआधी लोक किती वर्षं लिहीतच आहेत. पण तुझ्या नावाआधी मी ते लिहिणार नाही. म्हणून नुसतं वृंदे. परकरात होतीस तेव्हा हाक मारायचे तशी.

तू फोन उचलत नाहीस. मेधाला मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तुझी लेक म्हणाली, "मावशी, आई म्हणते, मोबाईलमधून आलेली बहीण मला नको." पोरीवर रागावू नकोस, तिला खोटं बोलता येत नाही, बापावर गेली आहे. तर मी आता पोस्टातून येतेय. पोस्टातली बाई म्हणाली विमानं कमी आहेत, महिना लागेल, जास्तही लागेल. लागू दे. चौथी पास बाईचं अक्षर लावायला तुला तेवढाच वेळ लागणार आहे.

मी मजेत आहे हो. जूनमध्ये भोरला परतायचं होतं, आता कधी ते विमानवाल्यांनाच ठाऊक. रोहित दिवसभर दार लावून कॉम्प्युटरशी बोलतो. नंदिनी हॉस्पिटलातून येते ती थेट माडीवर, आमच्यात मिसळत नाही, आम्हाला काही लागू नये म्हणून. तिचं ताट मी जिन्यात ठेवते. ती वरच्या पायरीवर, मी खाली, अशा आमच्या गप्पा. इतक्या महिन्यांत एक भांडण नाही बघ. सासू-सुनेच्या मध्ये एक जिना असावा, हे मी आता सगळ्यांना सांगणार आहे. भार्गवी नऊ वर्षांची झाली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींना वाटतं आपलं किती जमतं. आमटी कशी झालीय म्हटलं की म्हणते ग्रँड. इथं सगळंच ग्रँड. पाऊस ग्रँड, गुडघा दुखायचा थांबला ग्रँड. आणि कपाटाला प्रेस म्हणतात. पहिल्या महिन्यात नंदिनी म्हणाली, आई, डाळ प्रेसमध्ये आहे, आणि मी इस्त्रीच्या टेबलापाशी जाऊन उभी.

आता माझी फजिती ऐक, म्हणजे वाच.

आमच्या परसाला लागून भिंत आहे, छातीएवढी. पलीकडं म्हातारा-म्हातारी राहतात, डोनल आणि ब्रीड. ऐंशीच्या आसपासचे, लेकरं परदेशात. तो व्हायोलिन वाजवतो, इथं त्याला फिडल म्हणतात. ती एक सहाकोनी लहानशी पेटी दोन्ही हातांत धरून ओढते. रविवारी आणखी दोघं येतात, एक उंच बासरीवाला आणि मेव नावाची फिडलवाली बाई, लांब लांब खुर्च्या टाकून बसतात आणि सुरू होतं ते थांबतच नाही. एक चाल दोनतीनदा फिरली की कुणी काही न सांगता दुसरीत शिरतात. मी दोन रविवार भांडी घासताना ऐकलं. माझी टाच हलायला लागली. आपल्याकडं शेजारी भजन चाललंय आणि घरात झांज असून आपण बसून राहिलो, तर लोक काय म्हणतील? गणपती बसलेले होते, आरतीची झांज बाहेरच होती. मी पदर खोचला, मोदकांची ताटली घेतली, फाटकातून आत गेले, मोकळ्या खुर्चीवर बसले आणि ठेका धरला.

काय रंगले गं मी. आधी उंच माणसाची बासरी थांबली. मग मेव थांबली. मग ब्रीडची पेटी. मला वाटलं माझं ऐकायला थांबले. मी डोळे मिटून आणखी जोरात. शेवटी डोनलनंही गज खाली ठेवला आणि मला चहा ओतून दिला. छान माणूस.

संध्याकाळी नंदिनी जिन्यावर हसून हसून आडवी. म्हणाली, "आई, तिथं बोलावल्याशिवाय वाजवत नाहीत. ठेका तर कुणी मागतच नाही, तो त्यांच्या पायात असतो. नव्या माणसानं आधी नुसतं ऐकायचं."

मी म्हटलं, किती?

"वर्ष. दोन वर्षं."

तेवढ्यात पोर चालायला लागतं म्हटलं. झांज कापडात गुंडाळून ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी परसात जायलाही लाज वाटली. तर भिंतीवरून ब्रीडचा हात आला, हातात माझीच ताटली आणि तिच्यावर मनुका घातलेले गोड पाव. बघ, रिकामी ताटली परत करायची नाही हे त्यांच्यातही आहे. रविवारी ये, खुर्ची ठेवते, म्हणाली. हातांनीच म्हणाली, पण कळलं.

तिकडं पाऊस झाला का? गुडघ्याला तेल लावत जा. पुरुषोत्तमरावांचं लिहायला बसले होते, ते राहिलंच. कागद भरला.

तुझी ताई


१९ नोव्हेंबर २०२०

वृंदे,

माझं पत्र पोचलं. मेधा म्हणाली तू दोनदा वाचलंस, आणि मग म्हणालीस, "तिकडं भिंतीवरून गाणीबजावणी चालू आहेत तर चालू देत. इथं वर्षसुद्धा झालेलं नाही."

खरं आहे. आपल्याकडं दुःखाच्या घरात वर्षभर रेडिओसुद्धा मोठ्यानं लावत नाहीत. म्हणून दिवाळीतही मी चकलीला हात लावला नाही, शंकरपाळी तेवढी पोरीसाठी केली. पण वाजवणं थांबवलं नाही, हे तुला कळू दे. लपवून काय करायचं.

कसं सुरू झालं ते सांगते. भार्गवीच्या शाळेत सगळ्या मुलांना पत्र्याची एक शिट्टी शिकवतात. सहा भोकं, बासरी उभी धरावी तशी. यंदा शाळेत फुंकायची वाद्यं बंद, म्हणून ती प्रेसमध्ये चमच्यांत पडलेली. मी डाळीचा चमचा शोधत होते. फुंकून पाहिली, तर मांजर पळालं. मांजर ब्रीडचं, ते भिंतीवर बसलेलं असतं. ब्रीडनं भिंतीवरून डोकं काढलं, माझ्या हातात शिट्टी बघितली आणि तिच्या चेहऱ्यावर काय आलं म्हणून सांगू. सुनेला दिवस गेल्याचं कळल्यावर आपली आई दिसली होती तशी.

आता रविवारची बैठक बंद आहे, पुन्हा सगळं कुलूपबंद झालंय. कुणी कुणाच्या घरी जायचं नाही. पण भिंतीला कोण काय म्हणणार? अकराच्या सुमाराला ती तिकडं उभी राहते, मी इकडं. ती पेटीवर चालीचा एक तुकडा वाजवते. मी ऐकते. परत वाजवते. मग मी फुंकते. चुकलं की ती मान हलवत नाही, नुसती पुन्हा वाजवते. कागद नाही, सारेगम नाही. भार्गवीनं विचारलं, आजी, नोट्स कुठायत? मी म्हटलं, तुझ्या पणजीनं मला पुरणपोळी शिकवली तेव्हा नोट्स कुठं होत्या?

डोनल स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसतो, मांडीवर घोंगडी. फिडल आता त्याला पेलत नाही, दम लागतो. पण माझं बोट उशिरा पडलं की त्याचा पाय थांबतो. मी त्याच्या पायाकडं बघूनच वाजवते. एकाच सुराला दोनदा फुंकायचं नसतं, मधे वरचं बोट झटकन उचलून ठेवायचं, फोडणीत मोहरी तडतडावी तसं. ते जमायला मला महिना लागला. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी डोनल म्हणाला, "नाऊ वी आर सकिंग डीझल." मी नंदिनीला विचारलं, ह्यात डिझेल कुठून आलं? ती म्हणाली आई, हे इथलं सगळ्यात मोठं कौतुक.

चाल डोनलच्या आईची आहे. तिला नाव नाही. क्लेअर म्हणून त्यांचा मुलूख आहे, तिथल्या स्वयंपाकघरात ती गुणगुणायची. ठेका आपल्या फुगडीसारखा. दुसरं मला काही येत नाही.

तुला राग येईल म्हणून लिहायचं नव्हतं, पण लिहिते. इथं दुपारी चारलाच अंधारून येतं. रोहित दारामागं, नंदिनी माडीवर, पोरगी तिच्या टॅबमध्ये. मी दिवा लावते, हात जोडते आणि मग काय करू? भोरला असते तर तुझ्याकडं आले असते. तू विळीवर बसली असतीस, मी शेंगा सोलल्या असत्या. ती शिट्टी हातात घेतली की निदान बोटांना काम असतं.

त्या दिवशी शेजारच्या दिनकरच्या पोरानं मोबाईल धरला होता घाटावर. तो तरी काय करणार, लहान आहे. मला पुरुषोत्तमराव दिसलेच नाहीत. कुणाच्या तरी निळ्या शर्टाची पाठ दिसली आणि चित्र तिथंच अडकलं. मी त्या पाठीला नमस्कार केला, वृंदे. तुझ्या नवऱ्याला मी तसा निरोप दिला. तू म्हणतेस मोबाईलमधून आलेली बहीण नको. मला तरी कुठं हवी होती.

थंडीत कानाला बांधत जा.

ताई


२१ फेब्रुवारी २०२१

वृंदे,

डोनल गेला. कोविडनं नाही, छातीनं. घरीच होता, ब्रीड जवळ होती.

इथं आता मयताला चर्चमध्ये दहाच माणसं जाऊ देतात. मग बाकीच्यांनी काय करायचं? नंदिनीनं सांगितलं, लोक रस्त्यावर उभे राहतात, आपापल्या फाटकापाशी, लांब लांब. शवाची गाडी घरावरून नेतात, अगदी पायी चालल्यासारखी हळू. तेवढंच दर्शन.

आदल्या दिवशी ब्रीड भिंतीशी आली. डोळे कोरडे. अर्धं शब्दांत, अर्धं हातांनी म्हणाली उद्या मेव आणि तो उंच बासरीवाला रस्त्यावर वाजवणार आहेत, डोनलच्या आईची चाल, आणि तूही वाजवायचंस. मी नंदिनीला वरून खाली बोलावलं, ती तोंडाला बांधून आली, म्हटलं हिला समजावून सांग. ती फुगडीची चाल आहे, मयतात कशी वाजवायची? आणि मला ऐकायला लागून वर्ष कुठं झालंय?

दोघी भिंतीपाशी बोलल्या. नंदिनीनं वळून मला सांगितलं, "त्या म्हणतात, हळू वाजवली की झालं. आणि वर्षाचं काय ते त्यांनी मोजलेलं नाही."

मला रात्रभर कसली झोप. सकाळी असा गारठा की बोटं लाकडाची. दोन बटाटे उकडले आणि कोटाच्या दोन्ही खिशांत एक एक घातला, हात शेकायला. रोहित म्हणाला, आई, तू अंत्ययात्रेला बटाटे घेऊन चाललीस? मी म्हटलं तू तुझी मीटिंग बघ. पण तोही आला, मीटिंग सोडून. भार्गवी पण आली.

रस्त्याच्या दोन्ही कडांना सगळी आळी उभी. ज्यांची तोंडं मी वर्षभर खिडकीतून बघत होते, ती सगळी. वळणावर काळी गाडी दिसली तशी मेवनं फिडल उचललं. पहिल्या फेरीला मी वाजवलं नाही, नुसतं ऐकलं. इतकी हळू ती चाल मी कधी ऐकली नव्हती. फुगडी नव्हतीच गं ती. कुणीतरी पोळ्या लाटता लाटता स्वतःशी म्हणावी अशी होती. दुसऱ्या फेरीला मी शिट्टी ओठाला लावली. गाडी डोनलच्या फाटकाशी येऊन थांबली. माझं एक बोट भोकावर नीट बसलं नाही आणि अशी किंचाळली शिट्टी. पण ह्या वेळी कुणी थांबलं नाही. मला सोबत घेऊन पुढं गेले.

मागच्या गाडीत ब्रीड होती. तिनं काचेला तळहात लावला.

गाडी हलली, वाजवायचं थांबलं, तेव्हा माझे हात मोकळे झाले. मी हात जोडले आणि तोंडातून डोनल निघालंच नाही. पुरुषोत्तमराव निघालं. मग मी तिथं रस्त्यावर सगळ्यांदेखत रडले. इतके महिने रडू आलं नव्हतं, तुझ्याशी बोलतानाही नाही, तू मेधाला म्हणालीस ना, ताई रडलीसुद्धा नाही. आता आलं. रोहित घाबरून गेला. डोनलची तुझी एवढी ओळख होती का म्हणाला.

चारपाच दिवसांनी ब्रीड भिंतीपाशी आली. पेटी नव्हती. ती बोलायला लागली आणि बोलतच राहिली. मला थोडं कळलं, बरंचसं नाही. सकाळ कळलं. चष्मा कळलं. तो काहीतरी मागत होता आणि तिला आधी कळलं नाही, असं काहीतरी. मी नुसती उभी. वृंदे, मला इंग्रजी आलं असतं तर मी मधेच बोलले असते. धीर दिला असता, आमच्या ह्यांचं सांगितलं असतं, तिथून बटाट्यांवर गेले असते. शब्दच नव्हते म्हणून गप्प राहिले. जाताना तिनं माझा हात दाबला, असा, की बांगडी रुतली. मी केलं काय होतं? काहीच नाही.

घरात आले आणि खाली बसले. तेराव्याला तू मला फोन केला होतास. तू म्हणालीस, ताई, त्या दिवशी सकाळी... आणि मी लगेच म्हटलं, नको गं आठवूस, आणि मग इथल्या स्ट्रॉबेऱ्या किती गोड ते सांगत बसले. तुला हसवायला. त्यानंतर तू फोन उचलला नाहीस.

काय झालं होतं गं त्या दिवशी सकाळी?

सांगावंसं वाटलं तर फोन कर. मी बोलणार नाही.

ताई


ईस्टरचा रविवार, एप्रिल २०२१

वृंदे,

काल तुझ्या फोननंतर रोहितनं फोन हातात घेऊन बघितला. म्हणाला, आई, लाईन कट झाली होती का, तू अर्धा तास नुसती हं हं करत होतीस. मी त्याला काही सांगितलं नाही.

तू जे बोललीस ते मेधालाही सांगितलेलं नाहीस, हे मला कळलं. पुरुषोत्तमराव मास्क न लावता कढीलिंब आणायला गेले. ते आल्यावर तू बोललीस, आमच्या जिवावर उठलात का, म्हातारपणी अक्कल गेली का. ते काही बोलले नाहीत. जेवले. आडवे झाले. चहाला हाक मारलीस तर उठले नाहीत. आणि मग तू विचारलंस, "ताई, ते माझ्यावर रागावून गेले का गं?" मी कबूल केलं होतं बोलणार नाही म्हणून. तू फोन ठेवून दिलास. उत्तर राहिलं, ते लिहिते. पोस्टाला उशीर होईल, पण हे तुझ्या हातात असलं पाहिजे, पुन्हा वाचता येईल असं.

पुरुषोत्तमरावांचा राग मी तुझ्याइतकाच बघितलाय. तुझ्या लग्नातच बघितला, मांडववाल्यावर चिडले आणि पहिल्या पंगतीतून उठून गेले, जिलबी तशीच पानात. मेधाच्या बारशाला तुझ्या दिराशी वाजलं, तेव्हा दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. तू एकदा न सांगता माहेरी आलीस, ते न्यायला आले, आईनं थालीपीठ वाढलं, तर मूठ वळून बसले, पण खाल्लं नाही. त्या माणसाचा राग तोंडात नव्हता. पोटात होता. रागावले की ताटावर बसणं नाही, आणि बसलेच तर अर्ध्यातून उठणं. तू किती वेळा ते ताट झाकून ठेवलंस, आठव.

काल तू भरभर सांगत होतीस. तुझं लक्ष तुझ्या शब्दांकडं होतं, माझं दुसरं काही काम नव्हतं, मी ऐकत होते. तू म्हणालीस, ताक वाढलं, त्याला भात कमी पडला, त्यांनी वाडगा पुढं केला, मी न बोलता वाढला, मग ते आडवे झाले. हे तू एका दमात म्हणालीस आणि पुढं गेलीस. मी तिथंच थांबले होते.

त्यांनी वाडगा पुढं केला, वृंदे. आणि तू वाढलास. तुमचं भांडण तिथंच मिटलं होतं.

ताई